त्सुकादांच्या अकरा चिठ्ठ्या

त्सुकादा इवाओ यांनी अकरा वर्षांत अकरा खेळाडूंची नावे चिठ्ठीवर लिहिली. त्यांपैकी आठ चुकीची ठरली आणि तीन बरोबर. बरोबर ठरलेली नावे सहाव्या, सातव्या आणि आठव्या वर्षांची होती.

चिठ्ठ्यांची पद्धत अशी. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, हंगाम संपला की, हिनोसाकी फुटबॉल क्लबचे आम्ही पाठीराखे हारुएबाईंच्या दुकानात, रश्शात उकळलेले मुळे-अंडी म्हणजे ओदेन खायला, जमतो. क्लबने पुढच्या हंगामासाठी कोणता खेळाडू घ्यावा, त्याचे नाव प्रत्येकाने लिहायचे. चिठ्ठ्या वर्षभर भिंतीवर राहतात. त्या खेळाडूने, तो ज्या कोणत्या क्लबात असेल तेथे, निम्म्याहून अधिक सामने सुरुवातीपासून खेळले आणि त्याचा करार वाढवला गेला, तर चिठ्ठी बरोबर. ही व्याख्या माझी आहे. पूर्वी ‘चांगला खेळला’ एवढ्यावर भागत असे आणि त्यावरून दरवर्षी एखादी बशी फुटत असे. सर्व चिठ्ठ्यांतून एक नाव क्लबला कळवले जाते. आमचा क्लब तिसऱ्या श्रेणीतला. दुसऱ्यांनी सोडून दिलेल्यांतूनच तो माणसे वेचतो, आणि खेळाडू पाहत हिंडण्यासाठी त्याच्याकडे एकच मनुष्य आहे. म्हणून आमचे नाव तो मनावर घेतो.

मी मत्स्यसंशोधन केंद्रात एकतीस वर्षे कालवांच्या अळ्या मोजल्या. निवृत्तीनंतर चिठ्ठ्या मोजते. अकरा वर्षांत दोनशे बारा चिठ्ठ्या झाल्या, त्यांतल्या एकावन्न बरोबर. म्हणजे चारांत सुमारे एक. कुनिशिगे हा तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया, बनवणारा गडी प्रत्येक खेळाडूचे पास, धावलेले अंतर आणि हवेतले चेंडू फोनमध्ये नोंदवून ठेवतो. त्याच्या अकरांत तीन बरोबर. हारुएबाई, मैदान सोडताना खेळाडू मागे वळून नमस्काराला किती वाकतो ते पाहून नाव लिहितात. त्यांच्याही तीन. हे मी एकदा बैठकीत वाचून दाखवले, तेव्हा कुनिशिगे पंधरा दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

त्सुकादांच्याही तीनच, पण त्या सलग आल्या. दुसरे नाव खरे ठरल्यावर सर्वांनी त्यांचेच नाव क्लबला पाठवायला सुरुवात केली, आणि त्यातून आम्हाला नागामुने मिळाला. मधल्या बचावफळीतला हा उंच, सावकाश चालणारा मनुष्य दोन क्लबांनी नाकारलेला होता. तो आल्यापासून आमच्यावर होणारे गोल निम्म्यावर आले. तो चेंडूच्या मागे धावताना क्वचितच दिसतो. चेंडू येतो तेथे तो आधीच उभा असतो. असे काम करणाऱ्या माणसाकडे पाहत नव्वद मिनिटे थंडीत बसणे मला आजही लाभाचे वाटते.

त्यानंतरची तीन वर्षे मात्र वाईट गेली. त्सुकादांनी सुचवलेला एक खेळाडू जूनमध्येच निघून गेला, दुसरा वर्षभर बाकावर बसला आणि तिसऱ्याने अकरा सामन्यांत दोनदा आपल्याच जाळ्यात चेंडू घातला. कुनिशिगे त्याला ‘तांडेलांची मासळी’ म्हणू लागला. त्सुकादा स्क्विड मासळी धरणाऱ्या होडीवर अठ्ठावीस वर्षे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते, आणि गावात त्यांना सगळे त्याच नावाने हाक मारतात.

नोव्हेंबरच्या अखेरीस ते माझ्या घरी आले. हातात कापडात गुंडाळलेल्या ढोलाच्या काठ्या होत्या. गोलामागच्या आमच्या कट्ट्यावर बावीस वर्षे तेच ढोल वाजवतात. ते म्हणाले, बैठकीत तुम्ही सांगा की ढोल आता कुनिशिगेने घ्यावा आणि माझी चिठ्ठी बंद करावी.

मी कारण विचारले.

“थोरल्या भावाचं आठवतं ना तुम्हाला? तो आधी माणसं ओळखेनासा झाला. मग घर.”

डॉक्टरांकडे जाऊन आलात का, असे मी विचारले. ते जाऊन आले होते. वार, महिना, शंभरातून सात-सात वजा करणे, सर्व बरोबर आले होते.

“वजाबाकीचं काय घेऊन बसलात, बाई? तीन वर्षं मला माणूस बघितल्या बघितल्या कळत होता. आता बघत बसतो, बघत बसतो, सगळे सारखेच. डोकंच गेलं, दुसरं काय.”

मी त्यांना गणित सांगितले. चारांत एक या प्रमाणाने सलग तीन बरोबर येण्याची शक्यता चौसष्टांत एक; वीस माणसे अकरा वर्षे चिठ्ठ्या टाकत असतील, तर कोणाच्या ना कोणाच्या वाट्याला असे तीन येणे मुळीच नवलाचे नाही. म्हणजे गमावण्यासारखे काही त्यांच्यापाशी नव्हतेच. मला हे दिलासादायक वाटले होते. त्यांनी चहा संपवला आणि काठ्या माझ्याच घरी ठेवून ते गेले.

दुकानात इतरांची मते निराळी होती. कुणाच्या मते तांडेलांची ती तीन वर्षे नव्या चष्म्याची. कुणाच्या मते त्या काळात त्यांनी दारू सोडली होती. त्यावर हारुएबाई म्हणाल्या की दुकानाची वही वेगळे सांगते. मी योगायोगावर ठाम होते. एकच गोष्ट खटकत होती. योगायोगाने बरोबर येणाऱ्याला, आपण बरोबर आहोत हे आधी कळत नाही. त्सुकादांना कळत होते, आणि खोटे बोलण्याची त्यांना सवय नाही.

तेव्हा ते निवडतात कसे, हेच पाहावे असे मी ठरवले. क्लबांनी मुक्त केलेल्या खेळाडूंची एकत्रित चाचणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होते. मैदान बसने पाच तास. समुद्रात आयुष्य काढलेल्या या माणसाला बस लागते. म्हणूनच ते बाहेरगावच्या सामन्यांना कधी जात नाहीत; त्यांची आजवरची सगळी नावे आमच्या घरच्या सामन्यांत खेळायला आलेल्या पाहुण्या संघांतली. ते हो म्हणाले याचे मला आश्चर्य वाटले. डोळे मिटून, लिंबाची साल नाकाशी धरून ते पाच तास बसले. मी गोंगाटात झोपता यावे म्हणून फोमचे बोळे कानात घालून झोपले.

चाचणीला तीन-चारशे प्रेक्षक असतात, पण कोणी घोषणा देत नाही. समोर पोटासाठी धावणारी माणसे असतात. त्यांच्यातल्या एकाचे नाव पुकारणे म्हणजे उरलेल्यांना दुखावणे. टाळ्या शेवटी, सर्वांसाठी. चार गट होते आणि प्रत्येक गट दोनदा खेळणार होता.

पहिल्या गटाच्या खेळात त्सुकादा डब्यातल्या भाताच्या गोळ्याचे वेष्टन सोलत होते. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना, मांडीवरच्या डब्याकडे पाहत ते म्हणाले, “चौदा नंबर.” दुसऱ्या गटात म्हणाले, “एकतीस.” तेव्हाही ते मैदानाकडे पाहत नव्हते.

एकतीस का, असे मी विचारले.

“त्यानं उजवीकडच्याला आधी सांगितलं. चेंडू निघायच्या आधी. होडीवर असा एक माणूस लागतो. दोर सुटल्यावर सगळेच ओरडतात; सुटायच्या आधी ओरडतो तो ठेवायचा.”

मी तोपर्यंत मैदानावरचे आवाज ऐकलेच नव्हते. आता ऐकू लागले. ‘मागे’, ‘सोड’, ‘वळ’, ‘एकटा आहेस’. बावीस माणसे सतत बोलत होती. बहुतेक जण घडून गेलेले सांगत होते. एकतीस क्रमांकाचा मनुष्य घडणार असलेले सांगत होता.

मी पर्समधून फोमचे नवे बोळे काढले आणि तिसऱ्या व चौथ्या गटाच्या वेळी ते कानात घालण्याची विनंती केली.

“मी काय प्रयोगातला बेडूक आहे का?”

“बेडकाला विचारावं लागत नाही,” मी म्हटले.

त्यांनी बोळे घातले. तिसऱ्या गटात डबा बाजूला ठेवून, पुढे वाकून, ते डोळे बारीक करून पाहत राहिले आणि शेवटी पाच म्हणाले. चौथ्या गटात त्यांनी कोणाचेच नाव घेतले नाही. खेळ संपला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. बोळे काढून ते तळहातावर घेऊन बसले.

“हे असंच होतं, बाई. तीन वर्षं मला हे असंच होतंय.”

दुसऱ्या फेरीत नोंद पुढे नेली. पहिल्या दोन गटांत कान उघडे ठेवून त्यांनी पुन्हा चौदा आणि पुन्हा एकतीसच म्हटले. तिसऱ्या गटात बोळे घालून त्यांनी पाचच्या ऐवजी बावीस म्हटले. चौथ्या गटाच्या दुसऱ्या खेळाला मी त्यांना बोळे घालू दिले नाहीत. चार मिनिटांत ते म्हणाले, “नऊ. तो गोलरक्षकाला झोपू देत नाही.” त्यांचा आवाज बदलला होता. मी वहीत पाहत राहिले, कारण ते डोळे पुसत होते.

एवढ्याने निवड खरी ठरते असे नाही. ती स्थिर आहे एवढेच ठरते. मात्र डोके गेलेल्या माणसाला बोळे काढताच ते परत मिळत नाही.

परतीच्या बसमध्ये मी माझी जुनी वही उघडली. तीत वर्ष, लिहिणारा, खेळाडू आणि निकाल असे रकाने होते. सामने कोठे झाले याचा रकाना मी कधी आखलाच नव्हता. आम्ही सगळेच त्या काळाला ‘वनवास’ म्हणून विसरू पाहत होतो: भूकंपासाठी आमच्या मैदानाचे छत बळकट करायचे होते, आणि सहावा, सातवा व आठवा हंगाम आम्ही शेजारच्या कुबोते गावात खेळलो होतो. ते मैदान रुग्णालयाला लागून आहे. तेथे ढोल, तुतारी आणि गाणे यांना मनाई होती, फक्त टाळ्या.

शनिवारी दुकानात त्सुकादांनी चिठ्ठीवर एकतीस क्रमांकाचे नाव लिहिले आणि कुनिशिगेने त्याचे आकडे वाचून दाखवले. वय एकोणतीस, वेग कमी, उड्या कमी. “तांडेल, हा तर चालतानाही दमतो,” तो म्हणाला. त्सुकादा मुळ्याचा तुकडा कापत राहिले. नागामुनेचेही आकडे असेच होते, याची मी आठवण दिली. बराच वाद झाला. डाव्या पायाने खेळणाऱ्या एका आघाडीपटूचा पक्ष जोरात होता आणि हारुएबाईंचा उमेदवार खरोखरच फार सुंदर वाकत असे. मतमोजणीत अकरा विरुद्ध आठांनी एकतीस क्रमांकाचे नाव क्लबला पाठवायचे ठरले. तो कसा खेळेल ते मला माहीत नाही.

ढोलाच्या काठ्या मी सोबत आणल्या होत्या. त्या घ्यायला कुनिशिगे पुढे झाला, तेव्हा त्सुकादांनी आपला हात त्यांवर ठेवला आणि म्हणाले, “वाजवणार मीच. चिठ्ठी लिहायची असेल तेव्हा ढोल घरी ठेवीन.”

बैठकीच्या नोंदवहीत मी त्या दिवशी पुढील मजकूर लिहिला, आणि तो वाचून त्सुकादांनी खाली सही केली.

त्सुकादा इवाओ खेळाडू डोळ्यांनी नव्हे, कानांनी निवडतात; खेळाडूंमधला जो आधी बोलतो, तो. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. अकरांपैकी आठ हंगामांत त्यांना मैदानावरचा एकही शब्द ऐकू आला नाही, कारण शेजारी ढोल वाजत होता. तो ढोल तेच वाजवत होते.