शेवटचा दगड

"अहो लॉर्न, कापा आता! क्रीम वितळायला लागलं," शाखेतल्या डॉरीननं सुरी त्याच्या हातात कोंबली.

केकवर लिहिलं होतं, 'आपण उभे आहोत.' टोरांटोच्या मुख्य कचेरीचा हुकूमच होता, प्रत्येक शाखेत केक कापा. सीमेपलीकडे अमेरिकेत बँका पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळत होत्या. इकडे कॅनडात एकही बुडाली नव्हती. टीव्हीवर बडी मंडळी त्याचं श्रेय वाटून घेत होती. खरं श्रेय लॉर्न हॅगर्टीसारख्या ताकही फुंकून पिणाऱ्यांचं. केलव्हिलच्या या शाखेत कर्जाच्या टेबलावर बसून त्यानं उभा जन्म 'नाही' म्हणण्यात घालवला होता. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे तो इतक्या आर्जवानं सांगायचा की माणसं चिडून जायची आणि पुढच्या महिन्यात परत यायची.

"ओरेस्टला बोलवायचं ना," डॉरीन बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

ओरेस्ट तेवढा परत आला नव्हता. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दोघं शाळेपासूनचे जिवलग. लॉर्नला बायको ना पोर. ओरेस्टच्या घरी रविवारी त्याच्या बायकोच्या, ओल्हाच्या हातचे, उकडलेल्या करंज्यांसारखे पिरोगी खाणं हाच त्याचा संसार.

दोन वर्षांपूर्वी ओरेस्ट याच टेबलासमोर बसला होता. "ओल्हाच्या छातीला इथला हिवाळा झेपायचा नाही, डॉक्टरच म्हणाले. ॲरिझोनात उन्हातलं एखादं घरकुल घेतो. आमचं राहतं घर ठेव गहाण."

त्याच्या धंद्याची आवक कधी ओली, कधी कोरडी. कर्ज नियमात बसेना. तिकडचा एक दलाल मात्र फोनवरच कर्ज द्यायला तयार होता. तेही लॉर्ननंच अडवलं. "सही करू नकोस. गळ आहे तो. भिकेला लागशील. वर्षभर थांब, मग बघू."

ओरेस्टनं मित्राचं ऐकलं. दुसऱ्या हिवाळ्यात ओल्हा न्यूमोनियानं गेली. दफनानंतर ओरेस्टनं लॉर्नशी बोलणं टाकलं आणि कर्लिंगच्या क्लबात संघही बदलला.

केक कापला त्याच संध्याकाळी नेमके दोघांचे संघ समोरासमोर आले. बर्फावरून दगड घसरवायचा, आपला वर्तुळाच्या मधोमध ठेवायचा, दुसऱ्याचा उडवायचा. खेळ संपला की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पेला पाजायचा आणि त्याच्यासमोर बसायचं, ही गावची रीत. हरणाऱ्याला थांबायची सक्ती नाही. ओरेस्ट हरला, तर दगडापुढचा बर्फ घासायचा झाडू काखोटीला मारून चालता होणार, हे लॉर्नला ठाऊक होतं.

शेवटचा दगड लॉर्नचा होता. मधोमध ओरेस्टचा दगड उघडा पडला होता. तो उडवला की सामना खिशात. लॉर्न वाकला, पुढे घसरला आणि त्यानं दगड सोडला. दगड शेजारून सरळ निघून गेला. त्याचे गडी तोंडाकडे बघत राहिले.

बारमध्ये ओरेस्टनं राय व्हिस्कीचे दोन पेले आणले. कोटाची बटणं न काढताच तो समोर बसला.

"हा तुझा. रीत आहे म्हणून."

"बरं वाटलं रे, तू बसलास."

"असला दगड तू झोपेतसुद्धा मारला असतास. मुद्दाम सोडलास ना?"

"हो."

ओरेस्टनं आपला पेला बाजूला सरकवला. "तिकडची घरं मातीमोल झालीत म्हणे. म्हणजे तुझंच खरं ठरलं. तुझं ऐकलं नसतं तर आज रस्त्यावर असतो मी."

"ओरेस्ट, ऐक ना..."

"असतो तर असतो! पण ती एक हिवाळा उन्हात बसली असती रे." त्याचा आवाज फाटला. "तुला मुद्दाम चुकता येतं, हे आज कळलं मला. तेव्हा का नाही चुकलास?"

आपण बरोबर होतो, हे लॉर्नला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला लाज वाटत होती. ओरेस्ट उठला, टोपी कानांवर ओढली आणि बाहेरच्या बर्फात निघून गेला. त्याच्या पेल्याला ओठही लागला नव्हता.

बारवाली टेबल पुसायला आली. तिनं तो भरलेला पेला उचलला.

"राहू दे," लॉर्न म्हणाला. "तिथं माणूस बसलाय."