काचेवरची उलटी अक्षरं

शहराच्या जुन्या भागात आडवारी फारसं कुणी फिरकत नसे. दगडी गल्ल्या, चार पावलांवर एखादं लहानसं संग्रहालय आणि त्याच्यासमोर हटकून एखादं कॉफीचं दुकान. ताईने मुद्दाम असाच दिवस निवडला होता. तिची सारी नोकरी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेली, हिंडणं असं कधी झालंच नव्हतं. सोबतीला तिने धाकट्या भावाला घेतलं. निघताना भावजयीने बजावलं होतं की ह्यांचं सकाळचं इन्सुलिन झालंय, वेळेवर काहीतरी खायला घाला.

घड्याळांचं आणि नकाशांचं अशी दोन संग्रहालयं बघेपर्यंत एक वाजून गेला. मग मुद्रण संग्रहालयासमोरच्या दुकानात दोघं टेकले. धाकट्याने बिनसाखरेच्या कॉफीवर भागवलं. एवढं एक बघू आणि निवांत जेवू, असं त्याचं म्हणणं. ताईने दोनदा सांगून पाहिलं आणि नाद सोडला. पाच मिनिटांत परत यायचंय म्हणून त्याने कोटही खुर्चीवरच ठेवला.

संग्रहालयाच्या रखवालदाराने ताईची पिशवी दाराबाहेरच्या आपल्या कपाटात ठेवून घेतली. वर माडीवर खिळ्यांच्या लाकडी पेट्या दिसल्या आणि ताई हरखून गेली. कुठल्या खणात कुठलं अक्षर, हे ती धाकट्याला सांगत सुटली. खाली दार ओढल्याचा आवाज आला, पण तिचं लक्ष नव्हतं.

"ताई, आपण कुठे आलोय?" धाकट्याने विचारलं.

तिने वळून पाहिलं. त्याचं कपाळ घामाने निथळत होतं, नजर हरवलेली. तो भिंतीला टेकला आणि घसरत खाली बसला.

साखरेच्या गोळ्या कोटात, त्याचा फोनही कोटात. तिचा फोन पिशवीत. ती धडधड जिना उतरली. जिन्याखालच्या दाराला बाहेरून कुलूप. शेजारी पाटी होती: दुपारी दीड ते तीन बंद. तिने दारावर लाथा मारल्या, हाका मारल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

वर येऊन तिने खिडकी ठोठावली. न उघडणारी जाड काच. समोर कॉफीवाली दुकानाबाहेरची टेबलं पुसत होती. ताईने दोन्ही हात हलवले. कॉफीवालीने वर पाहिलं, हसून हात हलवला आणि पुन्हा टेबल पुसू लागली.

धाकटा आता उत्तरंही देईना.

प्रात्यक्षिकाच्या यंत्रावर ओली शाई होती. ताईने तीन बोटं त्यात बुडवली आणि काचेवर लिहायला सुरुवात केली, उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं, म्हणजे बाहेरून सुलटं दिसेल. खिळ्यांवरची अक्षरं तिने जन्मभर तशीच वाचली होती, पण आज हात भरभर चालेना. 'कुलूप. साखर.' हातभर उंच अक्षरं. मग ती मुठीने काच बडवत राहिली.

कॉफीवालीने दुसऱ्यांदा वर पाहिलं. या वेळी ती हसली नाही. फडकं टाकून ती आत पळाली. रखवालदार रोज तिच्याच स्वयंपाकघरात जेवायचा. तोंडात घास तसाच घेऊन तो किल्ली शोधत धावत आला आणि त्याच्यामागून ती, हातात साखरेचं पाणी.

धाकटा अजून गिळू शकत होता. ताईने त्याचं डोकं मांडीवर उचलून घेतलं आणि चमच्याचमच्याने पाजलं. दहाव्या की बाराव्या चमच्याला त्याने तोंड वाकडं केलं.

"किती गोड," तो पुटपुटला.

रखवालदार मटकन जिन्यावर बसला. वर कुणी नाही ना, हे बघायला हवं होतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ताईला त्याच्यावर चिडायचं होतं, पण त्राणच उरलं नव्हतं.

डॉक्टर येऊन तपासून गेले. समोरच्या दुकानात धाकट्याने मुकाट्याने दोन सँडविच खाल्ली. ताईने फोन उचलला, पण बोटं शाईने इतकी माखली होती की नंबर लागेना.

"घरी सांगू नकोस," धाकटा म्हणाला.

"सांगणार आहे," ताई म्हणाली. "तूच लाव, मी बोलते."

त्याने क्षणभर तिच्या हातांकडे पाहिलं आणि बायकोचा नंबर लावून फोन तिच्या कानाशी धरला.