उभी बाई आणि माझी दुधी काच

मित्रांनो, माझ्या पोटात दिवा आहे. दचकू नका. मी एक म्हातारं टेबल आहे, चालती चित्रं काढणाऱ्यांचं. माझी पाठ दुधी काचेची. खालून उजेड पडला की वरच्या कागदातून खालचं चित्र दिसतं. ते गिरवायचं, पण हात केसभर पुढे, पाय केसभर मागे. असे कागद भराभर उलटले की चित्र चालायला लागतं. कागद सरकू नयेत म्हणून काचेच्या कडेला पितळी खुंट्या आहेत. त्यातली एक आता डुगडुगते. म्हातारपणी दात हलायचेच.

दातावरून आठवलं. सुताराच्या हातून निघालो तो थेट जाहिरातींच्या स्टुडिओत रुजू झालो. तिथे माझ्यावर वाकून एक मुलगी काम करायची. टूथपेस्टच्या जाहिरातीत तिने एक दाढ अशी नाचवली, की ती बघून कुणा आजोबांची कवळी ग्लासातून बाहेर उडी मारून टाळ्या वाजवायला लागली. खोटं वाटत असेल तर त्या ग्लासाला विचारा. तेव्हापासून सगळे तिला 'दातवाली' म्हणू लागले. मालक माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "हे टेबल आणि ही पोरगी, दोघांच्या वाटेला जायचं नाही कुणी!" माझी काच तेव्हा रोज पुसली जायची.

वर्षानुवर्षं दातच. हसरा दात, रुसलेला दात, टोपी घातलेला दात. मग सगळी कामं संगणकावर गेली, स्टुडिओला कुलूप लागलं आणि दातवालीने मला टेम्पोत घालून घरी आणलं.

घरी तिला हवं ते काढता येणार होतं. पण हवंय काय, हेच तिला उमगेना. कुणी नाचव म्हणत नव्हतं, मग नाचवायचं कशाला? तिच्या हातून भलतीच चित्रं उतरू लागली. एक बाई, डोक्याच्या जागी नळ. नळ बंदच होत नाही. खाली बादली, बादलीत बुडणाऱ्या इवल्या इवल्या खुर्च्या. बाई जिना चढायला जाते, तर पायऱ्या एकेक करून दातांसारख्या गळून पडतात. जन्मभर मी उजेड पुरवला, पण त्या चित्रांखाली माझाच दिवा मला अपुरा वाटायचा.

"हे काय गं?" तिची आई विचारायची. आई निवृत्त नर्स, लेकीसोबतच राहायची.

"माझ्या डोक्यात चाललंय ते."

"मग प्लंबर बोलाव की."

दोघी हसायच्या. आईचं हसू आधी थांबायचं.

पुढे नळही आटला. बाई नुसती उभी राहिली. दातवाली रोज माझ्यापुढे बसायची, नवा कागद खुंट्यांत अडकवायची आणि उभ्या बाईला जशीच्या तशी गिरवायची. हात पुढे नाही, पाय मागे नाही. बदलायचं काय, हेच तिला ठरवता येत नव्हतं. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. नवशिक्याचीही त्यासाठी कानउघाडणी होते. गठ्ठा मात्र वाढत गेला. माझ्या पोटातली दिव्याची ट्यूब मिचमिचायला लागली. ती बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही.

एका सकाळी ती आईला म्हणाली, "भंगारवाल्याला बोलावलंय. संपलं माझं, आई. तो गठ्ठाही रद्दीत दे."

भंगारवाला आला. त्याने मला आडवं करून, ठोकून पाहिलं. "मावशी, लाकूड किडलंय."

"किडलं नाही, पिकलंय. नीट बघ," आई म्हणाली. एखादा कोरा कागद निघतोय का ते बघायला तिने गठ्ठा उचलला आणि अंगठ्याने कडा सोडली. फर्रर्र.

ती थांबली. पुन्हा कडा सोडली.

"अगं, इकडे ये. ही श्वास घेतेय."

"काहीतरीच! एकच चित्र आहे ते. त्यात काहीसुद्धा हलत नाही."

"आख्खा जन्म पेशंटांच्या छातीकडे बघण्यात गेला माझा. मला शिकवतेस?"

भंगारवालाही वाकला. "हो की! ताई, जिवंत आहे ही!"

मित्रांनो, या वेळी मी थापा मारत नाही. हात कितीही नेमाने चालला तरी एक रेघ दुसरीवर तंतोतंत बसत नाही. केसभर इकडे, केसभर तिकडे. कागद उलटले की ती बाई थरथरत होती, खांदे जरासे उचलत होती, पुन्हा सोडत होती. दातवालीने गठ्ठा हातात घेतला. उलटला, परत उलटला. मग माझ्या काचेवर डोकं टेकून रडली. मी चारही पायांवर घट्ट उभा राहिलो. तेवढंच येतं मला.

"मग टेबल न्यायचं की नाही?" भंगारवाल्याने हळूच विचारलं.

"आज नको," ती म्हणाली. "आधी ट्यूब आणते."

त्या बाईने अजून पाऊल उचललेलं नाही. मीही थकलोय, खुंटी डुगडुगतेच आहे. पण उजेड आहे आणि रोज एक कागद वाढतो. तेव्हा बाळांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर अधूनमधून त्याची काच पुसा. आणि कुणी माणूस नुसतंच उभं दिसलं, तर ते संपलं असं म्हणण्याआधी जरा जवळ जाऊन त्याच्या खांद्यांकडे बघा.