कुणाचंच नसलेलं यकृत

मेंढ्या राखणाऱ्या सालकिनला यंत्रात फार वेळ श्वास धरवत नव्हता. म्हणून तपासणी लवकर आटपावी यासाठी तंत्रज्ञ बुरुलचाने एमआरआयची मापं चौथाईवर आणली. उरलेलं चित्र संगणकाने स्वतःच भरायचं. हजारो माणसांची यकृतं पाहून तो ते शिकला होता. नारिन गावच्या इस्पितळात ही पद्धत बुरुलचानेच बसवली होती.

पडद्यावर यकृत उमटलं. डॉक्टर तोक्तोसुन खूश झाले. "इतकं देखणं यकृत खाटकाकडेसुद्धा बघितलं नाही मी. जाऊ दे हिला कुरणावर."

"ऐकलंस ना पोरी?" सालकिन उठून बसत म्हणाली. "मेंढ्या वाट बघतायत. नवरा काही बघत नाही."

बुरुलचा हसली नाही. या बाईची उजवी कूस वर्षभर दुखत होती, अंगावरचं मांस उतरलं होतं. तिने त्याच मापांवरून चित्र पुन्हा काढायला लावलं. मग आणखी एकदा. बाकी यकृत तसंच येत होतं. उजवीकडे, बरगड्यांखाली मात्र रक्तवाहिन्या दर वेळी नव्या वाटेने जात होत्या.

"बाइके, इथे तो नुसता अंदाज बांधतोय," ती डॉक्टरांना मानाने हाक मारत म्हणाली. "शिकताना त्याने पाहिली ती सगळी परदेशी शहरांतली यकृतं. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांपासून यकृतात होणारी कीड त्याने कधी पाहिलीच नाही. मग तिथे तो निरोगी यकृतच भरणार."

"म्हणजे आपलं दुखणंच ठाऊक नाही त्याला?"

"नाही."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पूर्ण मापं घ्यायची ठरली. थोडा थोडा श्वास धरत, मधेमधे यंत्राला शिव्या देत, घामाने निथळत सालकिन आत पडून राहिली. या वेळी त्या जागी रक्तवाहिन्या नव्हत्याच. किडीचा मुठीएवढा खडबडीत डाग होता, मुख्य शिरेला भिडलेला. कापून काढण्यापलीकडे गेलेला. आता गोळ्या तेवढ्या, जन्मभर.

सालकिनने सगळं ऐकून घेतलं.

"पहिला फोटो दे मला. सासूला तोच दाखवीन."

"तो तुमचा नाही, एजे," बुरुलचा थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली.

"मग कुणाचा?"

"कुणाचाच नाही. असं माणूसच नाही कुठे."

"बरंच झालं. कुणी परत मागायला येणार नाही."

"तो बघून सासू तुम्हाला कामाला जुंपेल."

"जुंपणारच आहे गं. निदान रोगट म्हणून टोमणे तरी मारणार नाही."

बुरुलचाने तिच्या हातात दुसरा, डाग असलेला फोटो ठेवला. सालकिनने त्याच्याकडे पाहिलं नाही. चार घड्या घालून तो तिने बुटात खोचला.