गल्लीतला थंड कप्पा

मे महिन्यातल्या एका दुपारी अक्कलकोट रोडवर सायकलीवरून पडून तिप्पण्णा उन्हानं गेले. पण तूर्तास असं काही झालेलं नाही. तिप्पण्णा पत्र्याच्या घरात बसून डबा भरला का म्हणून विचारताहेत, आणि त्यांचा मुलगा बसवेश मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या फोनला काच चिकटवतोय.

बसवेशनं घरावर हवामान केंद्र बसवलं होतं. केंद्र म्हणजे एका पाइपावर पांढऱ्या ताटल्यांची उतरंड आणि आत तापमान मोजणारा सेन्सर. आकडे थेट त्याच्या फोनवर आणि इंटरनेटच्या नकाशावर जात. तेव्हापासून घरात शिस्त होती: बसवेशला विचारल्याशिवाय उन्हात पाऊल टाकायचं नाही. आकडा चाळिशीच्या वर गेला की तिप्पण्णा टॉवेल कारखान्यातली पाळी उशिरा गाठत आणि मुकादमाच्या शिव्या खात. शिव्यांनी माणूस मरत नाही, असं बसवेशचं मत होतं.

त्याच्या अव्वाला, म्हणजे आई दाक्षायणीला, त्या यंत्राची दया यायची. सगळं सोलापूर सावली धरून बसलेलं आणि हे एकटं वर उभं. "तोंड न्हाय म्हणून बोलत न्हाय बिचारं," म्हणत तिनं त्या दिवशी, घागरीला गुंडाळतात तसा, ओला टॉवेल त्याला गुंडाळला. वाळू नये म्हणून अधूनमधून तांब्याभर पाणीही ओतून येत होती.

दुपारी बसवेशच्या फोनवर आकडा आला: एकतीस. हवेतली ओल कोकणातली. शहाणा माणूस घरी जाऊन छतावर चढला असता. बसवेश हौशी हवामानवाल्यांच्या ग्रुपवर गेला. "आमच्या गल्लीवर थंड कप्पा तयार झालाय," त्यानं लिहिलं. मंगळवेढ्याच्या सिदूनं विचारलं, "कप्प्यात जागा हाय का? शेरडं घिऊन येतो." बसवेशनं फोन खिशात टाकला. शास्त्रज्ञांची टवाळी होतेच.

तेवढ्यात तिप्पण्णांचा फोन आला.

"बसवेश, भाईर किती हाय रे?"

"एकतीस. जावा की निवांत."

"अंग तर भाजतंय."

"पत्र्याखाली बसल्यावर भाजणारच की. अंगाचं काय खरं धरता, आप्पा?"

"व्हय, ते बी खरं. तू शिकलेला."

आणि ते निघाले. डोक्याला पंचाही बांधला नाही. एकतीसला कोण बांधतं?

आता मात्र ते झालं.

लिंगायत रिवाजानं त्यांना हार घालून बसवलं. कामाच्या दिवशी ते इतके निवांत बसलेले गल्लीनं पहिल्यांदाच पाहिले. बसवेश टाकीचं पाणी बघायला छतावर गेला, तेव्हा त्याला केंद्राला गुंडाळलेला टॉवेल दिसला, वाळून कडक झालेला. तो त्यानं शर्टाच्या आत खुपसला आणि खाली येऊन लोकांना पाणी दिलं.

दवाखान्यानं लिहिलं, हृदय बंद पडल्यानं मृत्यू. मेल्यावर ते कुणाचंही चालू राहत नाही. मग गल्ली म्हणू लागली, "प्यायला असंल." तिप्पण्णांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. दाक्षायणीला कागदावर ऊन हवं होतं. ती मुलाला घेऊन मृत्यूची चौकशी करणाऱ्या साहेबांपुढं बसली.

साहेबांनी नकाशा उघडला. "उष्माघात कसा लिहू? घराजवळचं केंद्र एकतीस दाखवतंय. केंद्रचालक बसवेश तिप्पण्णा." त्यांनी मान वर केली. "तुम्हीच का?"

"मशीन चुकलं, साहेब."

"का चुकलं ते लिहून द्या, मग बघू."

"चुकंल कसं?" दाक्षायणी मध्येच म्हणाली. "त्या दिवशी तर मी त्येला लई जपलंय."

"जपलं म्हणजे?"

"अगरबत्ती लावती ती त्याला," बसवेश घाईनं म्हणाला. "कागद द्या, साहेब."

टॉवेलचं लिहिलं तर आप्पा शुद्धीत मरणार, पण साहेब ते मोठ्यानं वाचणार आणि आपल्या टॉवेलनं काय केलं ते अव्वा ऐकणार. नाही लिहिलं तर आप्पा कायमचे पिऊन पडलेले. बसवेशनं पेनचं टोपण दातांनी काढलं. मग त्यानं लिहिलं:

"माननीय साहेब, आमचे केंद्र चुकलेले नाही. चूक त्या दुपारची आहे. तरी सदर दुपारचे अक्कलकोट रोडवरील तापमान पूर्वलक्षी प्रभावाने एकतीस अंश करण्यात यावे व त्याचा लाभ माझ्या वडिलांना मिळावा, ही नम्र विनंती."