डिझेलवर जागी झालेली पवनचक्की

ती ऊर्जा नियोजन खात्यात उपसंचालक होती आणि राष्ट्रीय ऊर्जा आराखड्यातलं तिनं लिहिलेलं प्रकरण सचिवांनी सरळ काढून टाकलं होतं. प्रकरण तारांचं होतं. पवनचक्क्या उभारायच्या तर आधी तिथून शहरापर्यंत वीजवाहिन्या टाका, एवढंच त्यात म्हटलं होतं.

"मॅडम, तारांची कुणी फीत कापतं का?" सचिव म्हणाले. "हे वाक्य बघा. परदेशी तेलावरचं अवलंबित्व निम्म्यावर! कसं झोकात आहे."

डोकं आपटून घेणं तेवढं तिनं बाकी ठेवलं.

उद्घाटनाच्या दिवशी माळावर वारा नुसता भणाणत होता आणि एकही पातं हलत नव्हतं. मंत्री वाटेत होते. सचिवांनी तिथल्या इंजिनिअरला फैलावर घेतलं. त्याला सगळे थंडोबा म्हणत.

"साहेब, पाती वाऱ्याकडे वळवायला आतल्या मोटारींना वीज लागते," थंडोबा म्हणाला. "ती बाहेरच्या वाहिनीतून येते. म्हणजे, वाहिनी असली तर."

"मग आणा कुठून तरी!"

कुठून तरी म्हणजे ट्रकवरून डिझेलचा जनरेटर आला. मांडवामागे पडदा लावून तो लपवला. ती कपाळाला हात लावून बघत असतानाच आईचा फोन आला.

"टीव्हीवर दिसणार आहेस ना? जरा हसरा चेहरा ठेव गं."

"आई, फोन ठेव."

पाती फिरली, टाळ्या पडल्या. मंत्र्यांनी फीत कापली आणि नाक मुरडलं.

"कसला वास येतोय?"

"कुणीतरी कचरा पेटवला असेल, साहेब," सचिव म्हणाले.

"डिझेलचा," ती बोलून गेली. आता माघार कसली? "परदेशातून विकत आणलेल्या डिझेलचा. त्याच्यावर ही चक्की आज तुमच्यापुरती जागी झालीय. इथली वीज शहरात न्यायला तारच नाही."

"मग हे आराखड्यात का नाही?"

"होतं."

सचिव स्वतःचे बूट न्याहाळू लागले. मंत्री भडकले, पण नेमकं कुणावर भडकावं हे त्यांना ठरवता येईना.

"फोटो झाले?" त्यांनी विचारलं. झाले होते. "मग मांडवामागची ती धडधड बंद करा. आणि ते प्रकरण परत घाला."

काही दिवसांनी सुधारित मसुदा तिच्या टेबलावर आला. प्रकरण जागच्या जागी होतं. फक्त शेवटी सचिवांनी एक वाक्य चिकटवलं होतं: काम लवकर व्हावं म्हणून सर्व तारा आयात कराव्यात.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली आणि न विचारताच खुर्चीत बसली.

"आता काय?"

"हे शेवटचं वाक्य खोडा, सर."

"जेवायची वेळ झालीय, मॅडम."

"भूक मलाही लागलीय. खोडा."

सचिवांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. ती हलली नाही. शेवटी त्यांनी चरफडत पेन उघडलं आणि वाक्यावर रेघ ओढली.

"आपल्या कारखान्यांना वेळ लागेल. मग माझ्यामागे लागू नका."

"लागणार," ती म्हणाली. "दर आठवड्याला."