हरीण आडवं आलं

आमच्या मिनेसोटात बर्फावरून गाडी घसरून चरात गेली, की माणूस एकच कारण सांगतो: हरीण आडवं आलं. मग खरं कारण दारू असो की डुलकी. माझ्या फोर-बाय-फोर पिकअपनं वीस हिवाळे मी गाड्या ओढून काढतेय, पण अजून कुणाला खोटं पाडलेलं नाही.

आज दुपारी शेजारचा ऑर्विल चरात होता. सप्टेंबरात त्याची बायको गेली.

"हरीण आडवं आलं," तो म्हणाला.

"माजलीत मेली!" म्हणत मी पट्टा अडकवायला वाकले. ताज्या बर्फात हरणाचं एकही पाऊल नव्हतं. चाकांच्या खुणा रस्ता सोडून सरळ ओकच्या झाडाकडे गेल्या होत्या. ब्रेक दाबल्याची खूण कुठेच नव्हती. झाडाच्या हातभर अलीकडे बर्फानंच गाडी धरून ठेवली होती.

दोन हिसक्यांत गाडी वर आली. ऑर्विल निघणार, तेवढ्यात मी खिडकीतून हात घालून किल्लीच काढून घेतली.

"माझ्या गाडीत बस. घरी सूप उकळतंय."

"अगं, पण माझी गाडी चालतेय की!"

"चालू दे. ते हरीण अजून इथंच आहे."